उलटा साबण आणि मामाचं घोंगडं

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की केमिकल कंपनीत बाई म्हणून काम करताना कसं वाटलं ते लिहा. त्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. कंपनीत बायकांसाठी संडास नव्हता आणि पहिली काही वर्षं मी शेजारच्या प्लास्टिकच्या कारखान्यात जात असे. त्यावर लेख होत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावरही जे डोक्यातून जात नाही, ते लिहिते.

आमची कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत अगदी मागच्या बाजूला होती. पत्र्याची शेड, तिच्यात दोन रिअ‍ॅक्टर म्हणजे वाफेवर तापणाऱ्या मोठ्या बंद टाक्या, आणि कोपऱ्यात माझी प्रयोगशाळा. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. एम.एस्सी. होऊन मी तिथे लागले. आम्ही काय बनवतो हे सासरी कुणी विचारलं की मी 'साबण' म्हणून मोकळी व्हायची. पण तो साबण नव्हता. साबणाच्या बरोबर उलटं काहीतरी होतं.

साबणाचा एक कण टाचणीसारखा समजा. डोकं पाण्यात रमतं, शेपटी तेलात. शेपटी मळाच्या तेलकटात घुसते, डोकं पाण्याच्या बाजूला राहतं, आणि मळ निघून जातो. साबणाच्या डोक्यावर विजेचा ऋण भार असतो. आमच्या मालाच्या डोक्यावर धन भार होता. फरक एवढाच, पण त्याने सगळं पालटतं. लोकर, केस, सूत, कातडी या सगळ्यांवर पाण्यात गेल्यावर थोडासा ऋण भार येतो. त्यामुळे साबण त्यांच्यापासून सुटतो आणि आमचा माल त्यांना जाऊन चिकटतो. डोकं धाग्याला धरून बसतं आणि तेलकट शेपट्या बाहेर राहतात. हात फिरवला की बोटांना त्या शेपट्या लागतात, म्हणून कापड मऊ वाटतं. केस धुतल्यावर लावायचं जे महागडं मलम मिळतं, त्यात हेच असतं.

बनवायची रीत सोपी होती, पण सांभाळायला अवघड. अमाइन नावाच्या पदार्थात नायट्रोजनने तीन जणांना धरलेलं असतं. त्याला चौथा धरायला लावला की त्याच्यावर धन भार येतो, आणि तो पुन्हा जात नाही. पुस्तकात याला चतुर्थक अमोनियम क्षार म्हणतात, आम्ही सगळे नुसतं 'क्वाट' म्हणायचो. चरबीपासून केलेलं लांब शेपटीचं अमाइन रिअ‍ॅक्टरमध्ये तापवायचं आणि वरून बेंझिल क्लोराइड हळूहळू सोडायचं. घाई केली तर आतली उष्णता आवरत नाही. त्या बेंझिल क्लोराइडचा वास कळायच्या आधी डोळे गळायला लागतात. झाकण जरा ढिलं राहिलं की सगळं खातं रडायचं. नवा माणूस चेहरा लपवायचा. जुने त्याला म्हणायचे, "लाजू नगंस. हितं सगळ्यांचंच कुनीतरी मेलंय."

शेपटी आखूड ठेवली तर माल जंतू मारतो. ती जंतूच्या पातळ आवरणात घुसते आणि त्याला फाडते. असा माल दूधवाल्यांना, कोंबड्यांच्या शेडवाल्यांना, साखर कारखान्यांना जायचा. शेपटी लांब घेतली तर पांढरी, मेणासारखी पेस्ट होते, ती कापड मऊ करायला. आमचा धंदा मुख्यतः आखूड शेपटीचा होता. पेस्ट क्वचित व्हायची.

गिऱ्हाइकांना हे समजावणं हे माझं अर्धं काम होतं. इंदापूरकडच्या एका दूध डेअरीचा सुपरवायझर एकदा माझ्या टेबलावर रिकामा कॅन आपटून म्हणाला होता, "तुमच्या औषधात काय बी दम न्हाय. दूध रोज नासतंय." मी तिथे जाऊन पाहिलं. पोरं कॅन साबणाने घासत होती आणि न विसळता तसेच आमच्या द्रावणात बुचकळत होती. धन आणि ऋण एकमेकांना धरून बसले होते, टाकीत पांढरे गुठळे तरंगत होते आणि जंतूंना मारायला कुणीच शिल्लक नव्हतं.

"म्हंजी तुमच्या औषधाला साबन चालत न्हाय?" सुपरवायझर म्हणाला. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

ते ड्रमवर छापलेलं होतं, इंग्रजीत. मी त्या दिवशी मराठी लेबल छापायची मागणी केली. ती कधीच मंजूर झाली नाही.

माझा सोपानमामा, आईचा धाकटा भाऊ, निमगाव केतकीजवळच्या वस्तीवर राहायचा. आमच्या आजोळी एके काळी मेंढरं होती. कॅनॉलचं पाणी आलं, चराऊ रानात ऊस उभा राहिला आणि आजोबांनी कळप मोडला. मामाकडे थोडी जमीन आणि घोंगडी विणायचा खड्डामाग होता. जमिनीतला खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. जे लोक अजून मेंढरं घेऊन हिंडायचे त्यांच्याकडून तो काळी लोकर घ्यायचा, मामी आणि शेजारच्या बायका सूत काढायच्या आणि मामा विणायचा. मला कॉलेजात घालायला माझे वडील तयार नव्हते. तेव्हा हाच मामा सायकलवर आमच्या घरी आला होता आणि वडिलांशी वाद न घालता, नुसता ओसरीवर बसून राहिला होता. वडील हो म्हणेपर्यंत तो जेवला नाही. माझं जे काही झालं ते त्या बसण्यामुळे झालं.

घोंगडी खपेनाशी झाली होती. म्हातारे मेंढके घ्यायचे, लग्नाकार्यात एखादं लागायचं. तरणी पोरं म्हणायची, खुपतं. खरंच खुपतं. आपल्याकडची लोकर राठ, आणि वर ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, त्याने घोंगडं पहिल्या वर्षी पुठ्ठ्यासारखं असतं. मामाच्या आसपास माग असलेली आणखी काही घरं होती. त्यातल्या बऱ्याच घरांत मागावर कडबा ठेवलेला असायचा.

एका दिवाळीत मामाने मला विचारलं, "शालन, तुझ्या कंपनीत क्यास मऊ करायचं औषध हुतं म्हनं?"

"हुतं थोडंफार."

"मग लोकर म्हंजी मेंढराचं क्यासच की."

मी हसले, पण बारामतीला परत येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. कंपनीतून पेस्ट बाहेर न्यायची तर मालकांची परवानगी लागणार होती. आमचे मालक पाटकर. पुण्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. मृदू बोलायचे, कामगारांनासुद्धा 'अहो' म्हणायचे. मी भीतभीत विषय काढला तर ते खूश झाले.

"करा की, कोकरे बाई. आपल्या भागातल्या कारागिरांसाठी कंपनीने काहीतरी करायलाच हवं. लागेल ती पेस्ट घ्या, लॅब वापरा."

पहिला प्रयोग फसला. घोंगड्यावर कोंड्यासारखे पांढरे कण आले. मामीने लोकर बाजारच्या साबणाने धुतली होती आणि साबण आत राहिला होता. डेअरीवाल्याला शिकवून आलेली मी, घरी विचारायला विसरले होते. दुसऱ्या वेळी लोकर भरपूर पाण्यात विसळली, कोमट पाण्यात पेस्ट कालवून घोंगडं त्यात भिजवलं, पिळून वाळत घातलं. संध्याकाळी मामीने ते काढून गालाला लावलं आणि बराच वेळ लावूनच ठेवलं.

"ह्ये आपलं हाय?" ती म्हणाली.

पुढे मामाने माझं ऐकलं नाही. मी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट पेस्ट तो घालायला लागला. जितकी जास्त तितकं मऊ, असा त्याचा हिशेब. बाजारात बायकांनी घोंगडी हातोहात नेली आणि मामा मला कौतुकाने चिडवायला लागला, "कुनाच्या भाच्या काय काय शिकत्यात, आन् आमची बघा."

मग पावसाळ्यात बिरूआबा आले. बिरूआबा म्हणजे त्या भागातल्या शेवटच्या काही हिंडत्या मेंढक्यांपैकी एक, मामाचं जुनं गिऱ्हाईक. मी त्या दिवशी नेमकी तिथे होते. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं मामापुढे टाकलं. खांद्याला आणि काठी घासते तिथे विरळ भोकं पडली होती.

"सोपाना, ह्ये घोंगडं हाय का बाळंतिनीचं दुपटं? पाऊस हिकडनं लागला तर तिकडनं निघतोय."

"मऊ हाय म्हून घेतलंत न्हवं, आबा?"

"मऊ माझी म्हातारी बी न्हवती. तरी जलम काढला."

मामाने आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं एक काढून त्यांना दिलं.

मी ते फाटकं घोंगडं प्रयोगशाळेत आणलं. मला वाईट याचं वाटलं की मी चाचणी केली होती. घोंगड्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो किती वेळ जिरत नाही ते पाहिलं होतं, आणि तो मोत्यासारखा उभा राहिला होता. तेलकट शेपट्या बाहेर असल्यावर राहणारच. पण पाऊस थेंब ठेवत नाही, मारतो. जास्त क्वाट बसल्यामुळे धागे एकमेकांवरून घसरत होते, विणीची जागा सोडत होते, आणि पाऊस त्या फटींतून आत जात होता. जे बोटांना मऊ लागत होतं तेच घोंगडं उसवत होतं.

त्यानंतरचा सगळा हिवाळा मी त्यावर घालवला. मऊपणा हवा आणि धाग्यांची पकडही हवी. पकड देणारे जे पदार्थ कापडधंद्यात वापरतात त्यांतले बरेचसे आमच्या मालाशी भांडायचे, गुठळ्या व्हायच्या. शेवटी जे जमलं ते चिंचोक्याच्या खळीने जमलं. तिच्यावर धन भार नाही, ऋणही नाही, त्यामुळे ती क्वाटशी भांडत नाही. पण ती नेहमीपेक्षा खूप पातळ हवी, विणून झाल्यावर द्यायला हवी, आणि पेस्ट अगदी थोडी, ठरावीक आंबट पाण्यात. मी बारामतीत मोजमापं काढायची, रविवारी एसटीने निमगावला जायची, मामा अंगणात करून पाहायचा. दर वेळी काहीतरी बिघडायचं. कधी खळ चिकट राहायची, कधी घोंगड्याला वास यायचा. मामी वैतागून म्हणायची, "लोकरीचा जीव घेताय तुमी दोघं."

आणि एका रविवारी बिघडलं नाही. मऊ झालं, पकड राहिली. मामाने विहिरीवर नेऊन त्याच्यावर बादलीने पाणी मारलं. आतून हात लावून पाहिला. कोरडा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बिडी पेटवली. मामाला मी इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

पुण्याच्या एका दुकानदाराने नमुने ठेवून घेतले. मग जास्त मागितले. शेजारच्या घरांतला कडबा मागावरून खाली आला. एका घरातला मुलगा कारखान्यावरची हंगामी नोकरी सोडून बापाजवळ विणायला बसला. पाटकर साहेब स्वतः एकदा वस्तीवर आले, मामाच्या खाटेवर बसून चहा प्यायले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पेस्टची काळजी करू नका. तुम्हाला लागेल तेवढी कंपनी देईल. हे तुमचं आहे." ते वाक्य वस्तीवरच्या माणसांनी नंतर मला पुष्कळदा ऐकवलं.

काही महिन्यांनी साहेब म्हणाले की दिल्लीकडचे दोन व्यापारी आलेत, त्यांना घोंगडी बघायचीत, तुम्ही सोबत चला, तुमच्या मामांना हिंदी येत नाही. मी मामाला निरोप पाठवला. आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. शेजारचे विणकर धुतलेले कपडे घालून येऊन बसले होते.

ते दोघे सभ्य होते. मामाने लोकर पिंजण्यापासून दाखवायला घेतलं, पण त्यांना तिथे रस नव्हता. त्यांना शेवटचा टप्पा बघायचा होता. खळ किती पातळ? पाणी किती गरम? आधी खळ की आधी पेस्ट? किती वेळ? मी मामाचं मराठी त्यांना हिंदीतून सांगत होते, आणि जिथे मामा 'अंदाजानं' म्हणायचा तिथे अंदाज न ठेवता मी स्वतः आकडे सांगत होते. कुणीतरी माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं विचारतंय याचा मला आनंद झाला होता. दोघांतल्या वयस्कर माणसाने घोंगड्याच्या कडेचा एक धागा ओढून काढला, बोटात फिरवला आणि रुमालात ठेवला.

"धागा कशाला घेतला त्यानं?" मामाने मला हळूच विचारलं.

"बघनार असतील बारीक हाय का जाड."

मामीने बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि घरचं तूप केलं होतं. पाहुण्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली, पण तूप दोनदा मागून घेतलं. निघताना मामाने दोघांना एकेक घोंगडं दिलं. त्यांनी ते कपाळाला लावून घेतलं.

त्यानंतर कंपनीत नवा रिअ‍ॅक्टर आला, तो खास पेस्टसाठी. मला उत्पादनाची जबाबदारी दिली, केबिन दिली. आणि हो, संडासही झाला. माल भराभर बनायचा आणि ट्रकने उत्तरेला जायचा. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, कापडाच्या गिरण्या घेतात. वस्तीवर मात्र पेस्ट जाईना. प्रत्येक वेळी, पुढच्या आठवड्यात. मी माझ्या हाताने डबे भरून नेले तर गेटवर अडवले. माझ्याच खात्याचा माल होता.

"शालन, पुन्यावाला दुकानदार घाई करतोय," मामा म्हणायचा.

"येतंय मामा. गिरन्यांची ऑर्डर मोठी हाय म्हून."

मी हे मनापासून सांगत होते, कारण मला तेच सांगितलेलं होतं.

हिवाळ्यात बाजारच्या दिवशी मी निमगावात होते. एसटी स्टँडजवळ एका टेम्पोभोवती गर्दी होती. टेम्पोवाला ब्लँकेटं विकत होता. चिंध्या आणि जुने स्वेटर पिंजून त्याच्या धाग्याची उत्तरेत जी स्वस्त ब्लँकेटं बनवतात, तसली. पूर्वीही यायची ती, पण हाताला खरबरीत असायची आणि दोन धुण्यांत त्यांचा चोथा व्हायचा, म्हणून घोंगड्यापुढे टिकत नव्हती. बायका ती गालाला लावून बघत होत्या. मीही एक हातात घेतलं. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती. जी वस्तू वर्षभर रोज बोटांनी तपासली ती ओळखायला किती वेळ लागणार? तरीही मी ते विकत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याचा तुकडा गरम स्पिरिटमध्ये बुडवून अर्क काढला. त्यात निळा रंग आणि क्लोरोफॉर्म घालून हलवलं. क्वाट असलं तर तळाचा थर निळा होतो. तो गडद निळा झाला. तो आमचाच आहे हे चाचणीने सिद्ध होत नाही. पण आमचे ट्रक कोणत्या गावाला जातात ते गेटवर मला दिसत होतं, आणि ब्लँकेटच्या चिठ्ठीवर तेच गाव छापलेलं होतं.

साहेब त्या दिवशी आलेले होते. मी बाटली तशीच हातात घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"ते दोघे व्यापारी म्हणाला होतात तुम्ही."

त्यांनी बाटलीकडे बघितलं. रसायनशास्त्र त्यांनाही येत होतं. "व्यापारीच आहेत ते. ब्लँकेटचे."

"ते मामाच्या घरी जेवले. मामाने त्यांना सगळं दाखवलं."

"बसा, कोकरे बाई." त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. "तुम्ही जे काम केलंत ते कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या सामानावर. आणि चिंचोक्याची खळ काही तुमच्या मामांनी शोधलेली नाही. कुणाचं काय घेतलं आपण?"

"पेस्ट देऊ म्हणाला होतात. सगळ्यांसमोर."

"देऊ की. गिरणीचं भागलं की देऊ. आता तुम्हीच बघा, चार माग चालवायचे की ही शेड? इथेही तुमच्याच भागातली माणसं कामाला आहेत."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे बोलत होते, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं होतं. शेडमध्ये खरंच आमच्याकडची माणसं होती. मी चहा न पिता उठले, एवढंच माझ्याच्याने झालं.

मामाला सांगायला मी दुसऱ्या रविवारी गेले. मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, पण विणत नव्हता. मी सगळं सांगितलं. ते कोण होते, धागा कशाला नेला, पेस्ट कुठे जाते. मामी चुलीपुढे होती. तिने मान न वळवता म्हटलं, "आन् मी त्यास्नी तूप वाढलं."

मी निघाले तेव्हा शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका विणकराने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाचीनं सवदा चांगला केला." मी मामाकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्याने त्या माणसाचं म्हणणं खोडून काढलं नाही. त्याला ते खरं वाटत होतं असं मला वाटत नाही. पण माझ्या वडिलांपुढे जेवणाशिवाय बसून राहिलेला माणूस त्या दिवशी माझ्यासाठी एक शब्द बोलला नाही, हे मी विसरले नाही.

मी नोकरी सोडली नाही. लोक विचारतात, का नाही सोडली? बारामतीत तेव्हा लॅबमध्ये बाई घेणाऱ्या कंपन्या नव्हत्या आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं, हे एक कारण. दुसरं सांगायला अवघड आहे. तो माल मी बनवला होता. चुकीच्या माणसाच्या हाती गेला, म्हणून तो वाईट झाला नव्हता. रोज सकाळी पेस्टचा नमुना बोटांवर घासून बघताना मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आणि त्या दोन्हींचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

पुण्याच्या दुकानदाराने आधी भाव पाडून मागितला, मग मागणंच बंद केलं. वस्तीवरचे माग एकेक करून थांबले. कारखान्यावरची नोकरी सोडून आलेल्या त्या मुलाला कारखान्याने परत घेतलं नाही. तो पुढे वीटभट्टीवर गेला असं ऐकलं. मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्या आईला आली, मला वेगळी आली नाही. मी आईसोबत गेले, मागे बसले आणि जेवून परत आले. मामी येऊन म्हणाली, "पोटभर जेवलीस न्हवं?" बाहेरच्या पाहुण्याला विचारतात तसं.

मामा पुन्हा भेटला तो काही वर्षांनी, माळेगावच्या साखर कारखान्यावर. उसाचा रस काढणाऱ्या यंत्रांवर जंतू वाढले की रस आंबतो, म्हणून साखर कारखान्यांत आखूड शेपटीचा आमचा माल वापरायचे, आणि तो कसा वापरायचा ते दाखवायला मी सकाळीच गेले होते. काम आटोपून परतताना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून आमची गाडी थांबली. रांग लावणाऱ्या रखवालदाराच्या अंगावर लाल चौकटीचं ब्लँकेट होतं. तो वळला तेव्हा मला कळलं. मामा हंगामापुरता तिथं लागल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उतरले. मामाने मला ओळखलं, पण पुढे आला नाही. मीच गेले.

"बरी हायेस?" तो म्हणाला.

"बरी हाय. तुमी?"

"चाललंय. आक्काचं गुडघं?" त्याने आईबद्दल विचारलं.

"दुखत्यात."

थंडी चांगलीच होती. त्याने ब्लँकेट गळ्याशी ओढून घेतलं. माझं लक्ष तिकडे गेल्याचं त्याला दिसलं.

"तुमचंच हाय ना औषध ह्यात?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

"व्हय."

त्याने कडेचा भाग अंगठा आणि बोटात धरून विणकर चोळून बघतात तसा चोळला. "लोकर न्हाय त्यात कुठली. नुस्त्या चिंध्या. पन तुझं काम चांगलं हाय. धू-धू धुतलं तरी मऊपना जाईना."

पुढे जे बोलले ते न बोलते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "मामा, तुमच्या हातचं एक घोंगडं माझ्याकडं हाय. माझ्या लगनात दिल्यालं. चांगलं हाय अजून. तुमास्नी हितं थंडीत हुईल. पाठवून देऊ का?"

मामाने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला त्याने हाताने पुढे यायची खूण केली.

"नगं पोरी," तो म्हणाला. "आता खुपतं त्ये अंगाला."